उद्योगाचा तांडेल : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पाठ परिचय : उद्योग चालवायला भांडवल लागते, यंत्रे लागतात आणि माणसे लागतात. पण या तिन्हींचा मेळ घालणारा कोणी नसेल, तर भांडवल संपते, यंत्रे गंजतात आणि माणसे निघून जातात. हा मेळ घालण्याच्या कामाला व्यवस्थापन म्हणतात. या पाठात अशाच एका कुशल व्यवस्थापकाची जीवनकथा सांगितली आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुम्ही पाहिली आहे का? होडी समुद्रात जाते. अर्धगोल फिरून ती लांबच लांब जाळे टाकते. जाळ्याच्या दोरांची दोन टोके किनाऱ्यावर येतात. मग दोन्ही बाजूंना माणसे रांगेने उभी राहतात आणि दोर ओढू लागतात. त्यांत तरुण असतात, म्हातारे असतात, कधी लहान मुलेही असतात. एका बाजूचा जोर जास्त झाला, तर जाळे वाकडे येते. घाई झाली, तर मासळी निसटते. जाळे किनाऱ्याला लागले, की मासळीची वाटणी होते. वाटणीत अन्याय झाला, तर दुसऱ्या दिवशी दोर धरायला माणसे येत नाहीत.

होडीवरच्या प्रमुखाला तांडेल म्हणतात. तांडेलाला वारा ओळखता यावा लागतो. जाळे कधी टाकायचे आणि कधी थांबायचे, हे त्याला कळावे लागते. कोणाला वल्ह्यावर बसवायचे आणि कोणाच्या हाती जाळे द्यायचे, हेही तोच ठरवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होडीवरच्या माणसांचा त्याच्यावर भरवसा असावा लागतो.

कारखान्याचेही असेच असते. तिथेही एक तांडेल लागतो. आपल्या महाराष्ट्रात असा एक मोठा तांडेल होऊन गेला. त्याने समुद्रात होडी घातली नाही. पण निवडुंगाने भरलेल्या माळावर एक कारखाना आणि एक गाव उभे केले. त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे एक गाव आहे. जसे मालवणचे ते मालवणकर, तसे किर्लोसचे ते किर्लोस्कर. कोकणातील कितीतरी घराणी पोटापाण्यासाठी घाट चढून देशावर गेली. किर्लोस्कर घराणेही असेच बेळगावकडे जाऊन स्थायिक झाले. त्या जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव काशिनाथपंत. ते विद्वान गृहस्थ होते. मुलाने चांगले शिकून मोठे व्हावे, असे त्यांना वाटे.

लक्ष्मणाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत लागत नसे. त्याला दोन गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रे पाहण्याचा. एखादे यंत्र दिसले, की ते कसे चालते हे समजेपर्यंत त्याला चैन पडत नसे. चित्रकला शिकायला मुंबईला जावे, असे त्याच्या मनाने घेतले. वडिलांना ही गोष्ट पसंत नव्हती. परंतु थोरले भाऊ रामचंद्रराव, म्हणजेच रामूअण्णा, त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले.

तिथे दोन वर्षे चांगली गेली. मग एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नव्हता. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता. ज्याला रंगच ओळखता येत नाहीत, तो चित्रकार कसा होणार? वडिलांच्या मनाविरुद्ध घर सोडून आलेल्या तरुणाला हा केवढा मोठा धक्का होता! दुसरा कोणी असता, तर नशिबाला दोष देऊन घरी परतला असता.

लक्ष्मणरावांनी वेगळा विचार केला. रंग ओळखता येत नसले, तरी रेषा काढता येत होत्या. हात स्थिर होता, नजर अचूक होती. मापे घेऊन यंत्रांची चित्रे काढायला रंगांची गरज नसते. म्हणून त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक रेखनावर लक्ष दिले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याची नोकरी त्यांना मिळाली. ही संस्था आज वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते.

आपल्यात काय कमी आहे हे मान्य करायचे आणि जे आहे त्याचा उपयोग करायचा, हा धडा लक्ष्मणराव पहिल्यांदा स्वतःकडूनच शिकले. पुढे आयुष्यभर त्यांनी माणसांच्या, वस्तूंच्या आणि जमिनीच्या बाबतीतही हेच केले.

संस्थेत शिकवता शिकवता ते स्वतःही शिकत होते. तिथल्या कार्यशाळेत निरनिराळी यंत्रे होती. ती कशी चालतात, कशी बिघडतात आणि कशी दुरुस्त करायची, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी समजून घेतले. पुस्तकातील ज्ञान आणि हातातील कसब यांची गाठ इथेच पडली.

याच काळात सायकल ही नवी वस्तू भारतात येऊ लागली होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवू लागले. रामूअण्णा तिथे त्या विकत आणि गिऱ्हाइकांना सायकल चालवायलाही शिकवत. नुसती वस्तू विकून भागत नाही. ती वापरायची कशी, हेही गिऱ्हाइकाला शिकवावे लागते, ही गोष्ट भावांच्या ध्यानात आली. १८८८ साली सुरू झालेले हे सायकलचे छोटेसे दुकान म्हणजेच किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानली जाते.

पुढे संस्थेत एक वरची जागा रिकामी झाली. लक्ष्मणरावांचा त्या जागेवर हक्क होता. परंतु ते इंग्रजांचे राज्य होते. ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांना अपमान सहन झाला नाही. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावला येऊन ते भावाच्या धंद्यात पूर्ण वेळ काम करू लागले.

बेळगावच्या आसपास शेती होती. शेतकऱ्याचे कष्ट लक्ष्मणराव रोज पाहत होते. गुरांना कडबा घालताना शेतकरी लांबच लांब ताटे तशीच टाकी. गुरे पाने खात आणि बराचसा कडबा पायाखाली तुडवून वाया घालवत. कडब्याचे बारीक तुकडे केले, तर तो वाया जाणार नाही, हे ओळखून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. हे यंत्र शेतकऱ्यांच्या उपयोगी पडले.

मग त्यांनी नांगराकडे लक्ष वळवले. त्या काळी आपल्याकडे लाकडी नांगर वापरत. तो जमीन वरवर उकरतो. हरळी, कुंदा यांसारख्या तणांची मुळे खोल असतात. ती तशीच राहतात आणि पीक खाऊन टाकतात. लोखंडी नांगर जमिनीत खोल जातो, माती उलटी करतो आणि तणांची मुळे वर आणतो. परदेशी बनावटीचे लोखंडी नांगर मिळत होते. पण त्यांची किंमत आपल्या शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. तसाच नांगर इथेच बनवायचा, असे लक्ष्मणरावांनी ठरवले. १९०३ च्या सुमारास त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बापजाद्यांपासून चालत आलेला लाकडी नांगर सोडून हे नवे अवजार घ्यायला कोणी तयार होईना. एक वर्ष गेले. दुसरेही गेले. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली!

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. लोखंडात, कोळशात आणि मजुरीत पैसा अडकलेला होता. तयार माल पडून होता. अशा वेळी काही धंदेवाईक गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळे होतात. पण शेतकऱ्याची भीती उगीच नव्हती. त्याच्याजवळ जमिनीचा एवढासा तुकडा. तोच नासला, तर मुलांच्या तोंडात घास कोठून घालणार? भाषणे ऐकून अशी भीती जात नाही. जेव्हा एखाद्या शेतात लोखंडी नांगर चालतो आणि पुढच्या हंगामात त्याच शेतात पीक जोमाने उभे राहते, तेव्हाच ती जाते. लक्ष्मणराव धीर धरून राहिले. हळूहळू शेतकऱ्यांना अनुभव आला आणि नांगराला मागणी येऊ लागली. ज्या वस्तूला कोणी हात लावत नव्हते, तिची शेतकरी वाट पाहू लागले.

धंदा नीट बसतो आहे असे वाटत असतानाच नवे संकट आले. कारखान्याची जागा खाली करावी, अशी नोटीस बेळगावच्या नगरपालिकेने दिली. आता यंत्रे कुठे न्यायची? कामगारांनी कुठे जायचे? नवी जागा घ्यायला जवळ पैसाही नव्हता.

त्याच सुमारास लक्ष्मणरावांनी औंध संस्थानात बांधकामाचे एक काम घेतले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण जाणली. आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जागा त्यांनी देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जागा सुमारे ३२ एकर होती, पण कशी? सगळीकडे निवडुंग माजलेला. दगडगोटे, साप आणि विंचू. पाऊस कमी, पाण्याची वाण. पीक म्हणून काही येत नव्हते. अशा माळावर कारखाना काढणारा माणूस वेडाच असला पाहिजे, असे कोणालाही वाटले असते.

लक्ष्मणरावांना मात्र त्या माळावर एक गोष्ट दिसली. तिथे रेल्वे होती. नांगर बनवायला लोखंड आणि कोळसा बाहेरून आणावा लागतो. तयार झालेले नांगर दूरदूरच्या गावी पाठवावे लागतात. रेल्वेच्या दारात कारखाना असला, तर मालाची ने-आण सोपी होते. जमीन शेतीला निकामी होती. पण कारखान्याला सोयीची होती. १९१० साली लक्ष्मणराव आपले सहकारी, कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह त्या माळावर उतरले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, साप मारले आणि कामाला सुरुवात केली. या वसाहतीला किर्लोस्करवाडी हे नाव पडले. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

आता लक्ष्मणरावांच्या सोबत्यांची ओळख करून घेऊ. कारण त्यांच्या यशाचे खरे रहस्य इथे आहे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि देखरेख पाहिली. घरे, रस्ते, पाणी या सर्वांची चिंता त्यांच्याकडे होती. शंभूराव जांभेकर यांना यंत्रांची विलक्षण जाण होती. अवघड यंत्रकाम त्यांच्या हाती असे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे होते. ज्या कामाला माणूस नसेल, तिथे ते उभे राहत. अनंतराव फळणीकर यांचे शाळेतील शिक्षण मध्येच थांबले होते. शाळेच्या दृष्टीने ते मागे पडलेले विद्यार्थी होते. पण लक्ष्मणरावांनी त्यांच्यातील कल्पकता हेरली. यंत्रांची कामे त्यांच्यावर सोपवली आणि त्यांच्यातून एक चांगला इंजिनियर घडला.

सर्वांत धाडसाची निवड होती ती पहारेकऱ्यांची. तुकाराम आणि पिऱ्या या दोघांनी पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगली होती. समाज अशा माणसांना दारात उभे करत नाही. मग त्यांना काम मिळत नाही आणि पोटासाठी ती पुन्हा वाईट मार्गाला लागतात. लक्ष्मणरावांनी या दोघांना रखवालदार नेमले. चोरी होऊ नये म्हणून दरोडेखोरांना पहाऱ्यावर ठेवणे, हे ऐकून लोक चकित झाले असतील. परंतु या दोघांनी टाकलेला विश्वास इमानाने पाळला. माणसावर विश्वास टाकला, तर पुष्कळदा तो त्या विश्वासाला पात्र होतो, हे लक्ष्मणरावांनी करून दाखवले.

किर्लोस्करवाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा नियम होता. आज हे साधे वाटेल. पण १९१० च्या काळात अनेक गावांत दलितांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. त्या काळी एका उद्योजकाने आपल्या वसाहतीत असा नियम करणे ही मोठी गोष्ट होती. त्यात माणुसकी तर होतीच, शिवाय शहाणपणही होते. ज्या कारखान्यात एक कामगार दुसऱ्याला दूर लोटतो, तिथे दोघांचे हात एका कामाला कसे लागणार? रापणीच्या दोरालाही सर्वांचे हात लागावे लागतात.

किर्लोस्करवाडी वसली, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९११ साली, अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या इंजिनियरने शास्त्रीय व्यवस्थापनावर एक प्रसिद्ध पुस्तक लिहिले. कामाची मोजणी कशी करावी, वेळ कसा वाचवावा, याचा जगभर अभ्यास सुरू झाला. आपल्याकडे व्यवस्थापन शिकवणाऱ्या मोठ्या संस्था पुष्कळ नंतर निघाल्या. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली सुरू झाली आणि मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. लक्ष्मणरावांना अशा कोणत्याही संस्थेत शिकायला मिळाले नाही. त्यांनी आपली विद्या कारखान्यात आणि शेताच्या बांधावर मिळवली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारा माल थांबला. नांगरांना मागणी होती. पण लोखंड मिळेना. कोळसाही मिळेना. भट्टी थंड पडायची वेळ आली. भट्टी थंड पडली, की कामगारांच्या घरची चूलही थंड पडते. या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. त्यांच्याकडे जुन्या, निकामी झालेल्या तोफा पडून होत्या. त्या त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. एके काळी माणसे मारण्यासाठी ओतलेले लोखंड भट्टीत वितळले आणि त्याचे नांगर झाले. लढाईची तोफ शेतकऱ्याच्या शेतात राबू लागली.

१९२० साली या धंद्याची किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी, हा त्याचा पहिला हेतू होता. पुढे त्याचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले आणि ते महाराष्ट्रातील एक नामवंत मासिक बनले. नंतर ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकेही तिथूनच निघाली. एका माळावरच्या छोट्या वसाहतीतून लेख आणि कथा महाराष्ट्रभर पोहोचू लागल्या.

नांगर चांगला खपत होता. पण एकाच वस्तूवर उद्योग अवलंबून ठेवणे धोक्याचे असते, हे लक्ष्मणराव जाणून होते. नांगरलेल्या जमिनीला पाणी हवे. विहिरीतून मोटेने पाणी काढायला बैल आणि माणूस दिवसभर राबत. म्हणून १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत पंप बनू लागले. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेतून इंजिनियर होऊन परतले. कारखान्यात पुढे तेलावर चालणारी इंजिने आणि इतर यंत्रेही तयार होऊ लागली. १९२९ नंतर जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही. नांगरांचा खप घटला. तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचरही बनवले. एक वाट बंद झाली, तर यंत्रे आणि कामगार तेच ठेवून दुसरी वाट शोधायची, ही लक्ष्मणरावांची रीत होती.

पुढे उद्योगाचा विस्तार महाराष्ट्राबाहेरही झाला. १९४० नंतरच्या काळात हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे किर्लोस्करांचे कारखाने निघाले. हळूहळू लक्ष्मणरावांनी कारभार पुढच्या पिढीकडे सोपवला. योग्य वेळी सुकाणू दुसऱ्याच्या हाती देणे, हेही तांडेलाचे एक काम असते. पुष्कळांना ते जमत नाही.

त्यांच्या म्हातारपणी एक मोठा घाव बसला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. संतापलेल्या जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. ज्या माळावर अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून सुरुवात केली होती, तिथे आता राख पडली होती. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. पण त्यांनी घडवलेली माणसे शिल्लक होती. जिथे काम करण्याची सवय आणि एकमेकांवरचा भरवसा शिल्लक असतो, तिथे भिंती पुन्हा बांधता येतात. कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, चांगल्या व्यवस्थापकाच्या अंगी कोणते गुण असावेत, असे तुम्हांला कोणी विचारले, तर लक्ष्मणरावांचे आयुष्य आठवा. त्यांना गिऱ्हाइकाची गरज ओळखता येत होती. माल खपत नसताना धीर धरता येत होता. हिशेब पाहणाऱ्याला हिशेब आणि यंत्र जाणणाऱ्याला यंत्र सोपवता येत होते. काळ बदलला, की काम बदलता येत होते. पण या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. जगाने निकामी ठरवलेल्या वस्तूत आणि माणसातही काहीतरी कामाचे असते, यावर त्यांचा विश्वास होता. रंग न ओळखणारा चित्रकार, निवडुंगाचा माळ, शाळा सुटलेला मुलगा, शिक्षा भोगून आलेले पहारेकरी आणि मोडकी तोफ; या सर्वांचे त्यांनी सोने केले.

ज्या किर्लोस गावाचे नाव त्यांच्या घराण्याने लावले, तिथे आज कृषी विज्ञान केंद्र आहे. कोकणातील शेतकरी तिथे नवी शेती शिकतात. लक्ष्मणरावांचे पूर्वज ज्या वाटेने घाट चढून गेले, त्याच घाटवाटांनी पुढे लोखंडी नांगर आणि पाण्याचे पंप कोकणात उतरले. आता कधी मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहाल, तेव्हा दोराला लागलेल्या हातांकडे नीट पाहा. त्यांतला एकही हात निकामी नसतो. कोणता हात कुठे लावायचा, हे ओळखणारा मात्र लागतो.

शब्दार्थ

रापण – किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. त्या जाळ्याने केलेली मासेमारी
तांडेल – होडीवरचा प्रमुख
कसब – हातातील कौशल्य
निवडुंग – काटेरी वनस्पती
वाण – टंचाई, कमतरता
हेरणे – बरोबर ओळखणे
रखवालदार – राखण करणारा, पहारेकरी
मोट – बैलांच्या साहाय्याने विहिरीतून पाणी काढण्याचे साधन
सुकाणू – होडीची दिशा ठरवणारे साधन
सोने करणे – एखाद्या गोष्टीचा उत्तम उपयोग करून घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लक्ष्मणरावांना चित्रकला का सोडावी लागली?
(आ) शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला का घाबरत होते?
(इ) शाहू महाराजांनी किर्लोस्करांना काय दिले?

२. कारणे लिहा.
(अ) लक्ष्मणरावांनी मुंबईच्या नोकरीचा राजीनामा दिला.
(आ) निवडुंगाचा माळ कारखान्याला सोयीचा होता.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लक्ष्मणरावांनी आपले सहकारी कसे निवडले?
(आ) तांडेल आणि कारखान्याचा व्यवस्थापक यांच्या कामांत कोणते साम्य आहे?

४. जमीन, हिशेब, कारखाना, खबर हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. तुमच्या गावातील एखाद्या दुकानदाराला, होडीच्या तांडेलाला किंवा कारागिराला भेटा. तो आपले काम माणसांत कसे वाटून देतो, ते विचारा आणि दहा ओळी लिहा.